तुमचं पान काशीत वाढलंय

१

काशीत मेलं की मोक्ष मिळतो म्हणतात. काशीत जगणाऱ्या मराठी माणसाला काय मिळतं, ते कुणी सांगत नाही. पाहुणे मिळतात.

मुकुलचं घर भोसले घाटाच्या वरच्या गल्लीत, दुसऱ्या मजल्यावर. तीन खोल्या आणि चार माणसं: आई, बाबा, देवश्रीताई आणि हा. शिवाय बाराही महिने पाचवं कुणीतरी असायचंच. कधी नागपूरच्या शरदिनीकाकूंच्या भिशीतल्या बाई, तर कधी बाबांच्या बँकेतल्या जुन्या साहेबांचे व्याही. "म्हटलं आपलं माणूस असताना हॉटेल कशाला?" असं म्हणत हे आपले लोक जिना चढायचे, दारात चपला काढायचे, दर्शनाच्या रांगेला शिव्या घालत पोटभर जेवायचे. निघताना आई त्यांच्या हातात गंगाजलाची सीलबंद लोटी ठेवायची आणि म्हणायची, "पुन्हा या हं. ओळख ठेवा." ते ओळख ठेवायचे. पत्ताही गावभर वाटायचे.

डायनिंग टेबलाला खुर्च्या चार. पाहुणा आला की घरातलं शेंडेफळ उठणार, हा घरचा कायदा. "मुकुल, ऊठ रे, पाहुण्यांना जागा दे." की मुकुल आपलं ताट उचलून फ्रिजजवळच्या कोपऱ्यात, पाटावर. त्या पाटाखालची एक पट्टी झिजलेली होती. बसलं की पाट आधी एका बाजूला टेकायचा, मग दुसऱ्या. टक्… टक्. दाढी आली, बीकॉम झालं, नोकरी लागली, गेली, पाट तोच.

अशा घरातल्या पोराला छंद कसला लागावा? रिकाम्या खोल्यांचा.

नेटवर एक ग्रुप होता. जगभरातले लोक. घरातली एखादी खोली रिकामी करायची, माइक ठेवायचा, बाहेर जायचं आणि दहा मिनिटांची शांतता रेकॉर्ड करून टाकायची. लोक तिकिटं जमवतात, हे शांतता जमवायचे. पेरूतल्या एका गोदामाची, नॉर्वेतल्या एका न्हाणीघराची. नियम एकच: खोलीत माणूस नको. ताई म्हणायची, "तू ना, डॉक्टर को दिखा ले." पण रात्री डोक्यावर उशी दाबून, कानात नॉर्वेचं न्हाणीघर लावून झोपताना मुकुलला वाटायचं, जगात कुठेतरी रिकामी जागा आहे म्हणायची.

२

ग्रुपचा म्होरक्या ग्रॅहम. राहणार लीड्स, इंग्लंड. तो प्रत्येक रेकॉर्डिंग ऐकून त्यावर शिक्का मारायचा. हिरवा म्हणजे मंजूर. मुकुलच्या वाट्याला कायम लाल: "माणसं ऐकू येतात. नामंजूर."

येणारच ऐकू. बाहेरच्या खोलीत काकू घोरतायत, खाली नावाडी भांडतायत, आईचा कुकर. मुकुलनं बाथरूम रेकॉर्ड केलं, तर बाहेरून कुणीतरी कडी वाजवली, "कोण आहे आत?" नामंजूर.

वर ग्रॅहमचा प्रेमळ सल्ला: "मित्रा, तुझ्या शहरात हजारो वर्षांची शांतता आहे. आम्हाला ती दे. भांडी आणि भांडणं नकोत. लांबून मंदिराची घंटा आली तर मात्र चालेल."

म्हणजे नॉर्वेच्या नळाचं ठिबकणं ती शांतता आणि माझ्या आईचा कुकर तो गोंगाट! आणि घंटा चालेल. घंटा काय आपोआप वाजते? मुकुलच्या कानशिलात रक्त ठणठणायला लागलं.

ग्रुपात आपलं म्हणावं असं एकच माणूस, मारित. एस्टोनियातल्या तार्तू गावची, पियानो शिकवून निवृत्त झालेली बाई. भाऊ गेल्यापासून मोठ्या घरात एकटीच. मुकुल तिला चेष्टेनं मावशी म्हणायचा, मग सवयीनं म्हणायला लागला. तिनं एकदा त्याला हातानं विणलेले लोकरी मोजे पाठवले होते. मे महिन्यात. बनारसला. मुकुलनं ते घालून फोटो काढून पाठवला आणि नंतर तासभर पाय पाण्यात सोडून बसला.

"ग्रॅहमकडे लक्ष देऊ नकोस," ती म्हणाली. "त्याला भारत हवाय. भारतीय नकोत."

हे ऐकून मुकुलला एकदम सुचलं. हवाय ना भारत? घे.

३

गुंडाळण्यात मुकुलचा हात धरणारा घाटावरच्या सबंध जुन्या वस्तीत, पक्क्या महालात, कुणी नव्हता. मख्ख चेहऱ्यानं त्यानं लिहून काढलं. काशीच्या मराठी घरांत म्हणे एक जुनी रीत आहे. खोली रिकामी करायची. दाराकडे तोंड करून एक आसन मांडायचं. "बसा" म्हणायचं आणि बाहेर जायचं. जो येतो, तो बसतो. त्याला आपण जेवू घालू शकत नाही, कारण तो आपला पाहुणा नाही. तेव्हा थोड्या वेळानं दारात येऊन हात जोडून सांगायचं: "तुमचं पान काशीत वाढलंय." की तो उठतो आणि पुढे जातो.

जगातला प्रत्येक पाहुणा शेवटी आमच्याच घरी येऊन जेवतो, एवढाच काय तो त्यातला विनोद. तो फक्त मुकुलला आणि ताईला कळणार होता.

शेवटी रागाच्या भरात त्यानं अजून एक कलम घुसडलं. काशीच्या घरी जागा नसली, तर घरातल्या सगळ्यांत धाकट्यानं उठायचं. पाहुणा त्याच्या जागी बसतो. कायमचा.

ताई वाचून खुर्चीतून पडायची बाकी राहिली. "कायमचा! मुकल्या, ये तो तेरी आत्मकथा है."

ग्रॅहमनं ते ग्रुपच्या माथ्यावर चिकटवलं. "अखेर!" असं लिहून. मुकुलनं त्या वाक्याचा उच्चार आपल्या आवाजात टाकला आणि आठवड्याभरात जग कामाला लागलं. लिमा, ओसाका, लीड्स. कुणी 'वाडलाय' म्हणे, कुणी 'काशीट'. ताई आणि मुकुल एकेक इयरफोन कानात घालून हसून लोळायचे. एकट्या मारितनं मुकुलकडून उच्चार पुन्हापुन्हा घोटून घेतला होता. ती 'ढ' आणि 'ळ' वेगळा काढायची.

हसता हसता मुकुल मध्येच थांबला.

"मागे घे."

"काय झालं?"

"मागे घे ना."

ग्रॅहमच्या खोलीचं रेकॉर्डिंग होतं. सोबत फोटो होता: भिंतीपासून भिंतीपर्यंत जाड गालिचा, त्यावर मखमली उशी. ग्रॅहमचं 'बासा'. मग पावलं, दार लागणं. मग काही नाही. आणि मग दगडी फरशीवर लाकूड टेकल्याचा आवाज.

टक्… टक्.

४

मुकुल काही बावळट नव्हता. त्याच्या जुन्या नामंजूर रेकॉर्डिंगमध्ये तो पाट असणारच. ग्रॅहमनं तिथून आवाज कापला आणि इथे चिकटवला. आपल्यावरच उलटा डाव! त्यानं ओसाकाचं उघडलं. तिथे चटई होती. टक्… टक्. लिमाला वेताची आरामखुर्ची. टक्… टक्. म्हणजे सगळे सामील. बनारसी माणसाला बनवता काय, साले!

त्यानं सरळ ग्रॅहमला विचारलं. ग्रॅहम म्हणाला, "कसला आवाज? माझ्या रेकॉर्डिंगमध्ये उत्तम शांतता आहे."

"ताई, तुला ऐकू येतंय ना?"

ताईनं पुन्हा ऐकलं. खांदे उडवले. "नाही रे. काय यायला हवंय?"

तो आवाज अंगात मुरलेला असा एकटा मुकुलच होता. दुसरं कुणी त्या पाटावर कधी बसलंच नव्हतं.

मग मुकुलनं सगळं खरं लिहून टाकलं. ही रीत खोटी आहे, मी बनवली, तुमची गंमत केली, आता बंद करा.

ग्रॅहमचं उत्तर लांबलचक होतं आणि इतकं गोड की दात शिवशिवावेत. "मी ऋषिकेशला तीन आठवडे राहिलोय. शहरी तरुणांना आपल्याच परंपरेची लाज वाटते, हे मी जवळून पाहिलंय. त्याचा दोष मी तुला देत नाही. तू विसरला असशील. तुझ्या पूर्वजांची ही रीत हरवू नये म्हणून आम्ही ती जपू." खाली सत्तर जणांनी बदाम टाकले होते. मुकुलची पोस्ट उडवली गेली. कारण: जिवंत परंपरेचा अवमान. त्याचं लिहिणंही महिनाभर बंद.

माझ्या घरची रीत मला लीड्सवरून शिकवतोय! मुकुलनं फोन भिंतीवर मारायला उचलला. हप्ते बाकी होते, म्हणून गादीवर मारला.

मग मारितला फोन लावला.

"मावशी, तुम्ही तरी थांबा. मी खोटं बोललो होतो."

मागे तिचं घड्याळ वाजत होतं. मग ती म्हणाली, "पोचतो का रे तो?"

"कोण?"

"मी रोज पाठवते तो. फार सभ्य आहे. येतो, भावाच्या खुर्चीत बसतो, सांगितलं की जातो. काल मी त्याला म्हटलं, थांब ना. नाही थांबला." ती जरा हसली. "पुढच्या वेळी दार लावून घेऊ का? ठेवून घेऊ त्याला?"

"नाही! मावशी, ऐका माझं. कुणीही बसलं, कितीही वाईट वाटलं, तरी ठेवून घ्यायचं नाही. पाठवायचं. शब्द द्या मला."

"दिला," मारित म्हणाली. "तुला दिलेला शब्द मी मोडणार नाही."

५

घरी पाहुणे यायचे बंद झाले.

आधी कुणाच्या लक्षात आलं नाही. मग आई अस्वस्थ व्हायला लागली. "असं कसं गं? श्रावण लागला, तरी एक माणूस जिना चढेना." तिनं लोट्यांची चळत पुसून ठेवली. कणीक जास्तीची भिजवायची सवय काही सुटेना. उरलेल्या पोळ्यांकडे बघत म्हणायची, "कुणीतरी यायला हवं होतं."

शुक्रवारी सकाळी तिघंही संकठादेवीच्या दर्शनाला गेली. घर रिकामं! आयुष्यात पहिल्यांदा. मुकुलनं बाहेरच्या खोलीत माइक ठेवला, दार ओढून घेतलं आणि जिन्यात, दारालाच पाठ लावून बसला. दुसरी वाट घराला नव्हतीच. दहा मिनिटं कुणी आलं नाही, गेलं नाही. खाली नावांची इंजिनंसुद्धा गप्प होती.

आत जाऊन त्यानं ऐकलं.

सुरुवातीला फ्रिज. मग चपला. कुणीतरी दारात चपला काढल्या, एक, मग दुसरी, मग तळवे फरशीवर. त्यामागून अजून कुणीतरी. बुटांची नाडी सुटली. खडावा. पुन्हा चपला. लांबून दमून आलेली माणसं काढतात तशा, न घाई करता, एकामागून एक. मुकुल ज्या दाराला टेकून बसला होता, त्याच दारात.

मग टक्… टक्.

आणि शेवटी, अगदी माइकजवळ, आईचा आवाज: "मुकुल, ऊठ रे."

आई त्या वेळी संकठाजीच्या रांगेत होती. त्यानं फोन करून विचारलंसुद्धा. "रांगेतच आहे अरे, काय आणू?" असं ती म्हणाली.

आवाज येतोय की डोकं फिरलंय? पारख एकाचीच, ग्रॅहमची. मुकुलला लिहायला बंदी होती, रेकॉर्डिंग टाकायला नव्हती. त्यानं टाकलं. दुपारी शिक्का आला.

हिरवा.

"माणूस ऐकू येत नाही. मंजूर. अभिनंदन, मित्रा!"

वर्षभर ज्या शिक्क्यासाठी तो तडफडला होता, तो बघून मुकुलनं फोन पालथा घातला.

६

रविवारी आईनं टेबलावर चार पानं घेतली आणि मग पाचवं.

"हे कुणाचं?"

"असू दे," आई म्हणाली. तिचा चेहरा कितीतरी दिवसांनी उजळला होता. "आज वाटतंय कुणीतरी येईल."

मुकुल तडक जाऊन आपल्या खुर्चीत बसला. दोन्ही हातांनी बैठक धरून. त्यानं एवढंच ठरवलं होतं: आज उठायचं नाही. मूर्ख कलम आपणच लिहिलंय. उठलो तर जागा गेली. पूजा सांगा, पाया पडा, आग लावा, खुर्ची सोडायची नाही.

बाबा बसले, ताई बसली, आईनं वरण-भात, कढी, नेनुआची, म्हणजे घोसाळ्याची, भाजी वाढली आणि तीही बसली. चारी खुर्च्या भरल्या. बाहेर लख्ख ऊन. समोरच्या गच्चीवर माकडं पापड पळवत होती.

टक्… टक्.

फ्रिजजवळून. या खेपेला तिघांनीही मान वळवली.

"अगंबाई!" आई पाचवं ताट घेऊन लगबगीनं उठली. "तुम्ही खाली कशाला बसलात? मुकुल, ऊठ रे, पाहुण्यांना जागा दे."

"तिथे कुणी नाहीये," मुकुल म्हणाला.

पाट रिकामा होता. रिकामाच होता. फक्त तो एका बाजूला झुकून टेकलेला होता, आणि रिकामा पाट असा टेकत नाही.

"मुकुल," बाबा खालच्या आवाजात म्हणाले. पाहुण्यांसमोर वापरायचा तो आवाज.

"ऊठ ना यार," ताई कुजबुजली. "क्या सोचेंगे?"

"कोण क्या सोचेंगे? पाट रिकामा आहे! आणि असेल कुणी, तर बसू दे खाली. मी नाही बसलो? एवढासा असल्यापासून बसलो! माझी गादी दिली, माझी परीक्षा असताना माझी खोली दिली, हो, मला खोलीच नाहीये, तरी दिली! एक खुर्ची. एक खुर्ची ठेवा ना मला!"

आई लाजेनं लाल झाली. कोपऱ्याकडे बघून म्हणाली, "माफ करा हं. मनानं चांगला आहे, पण जरा तापट आहे." मग तिनं आपल्या खुर्चीकडे हात केला. "तुम्ही असं करा, माझ्या जागी बसा."

आणि आपलं ताट उचलायला वाकली.

मुकुलचं कलम म्हणत होतं धाकट्यानं उठायचं. पण कोपऱ्यातल्याला नियमाचं काय? त्याला जागा हवी होती. जो उठेल त्याची.

"थांब!" तो ओरडला. "ठेव ते ताट. उठतो मी. मरो. उठतो."

आणि उठला. संतापानं ताट उचलून, सवयीनं, फ्रिजकडे निघाला. पाट आता सपाट होता. मागे खुर्ची सरकली.

त्यानं वळून पाहिलं. टेबलाशी चार जण होते. चौथ्याची पाठ याच्याकडे. पूर्ण दिसलं नाही, मध्ये ताई होती. एक कान दिसला, मागून. स्वतःचा कान मागून कुणाला कधी दिसत नाही. मुकुलला दिसला. त्यात इयरफोनही होता.

"भात घे अजून, मुकुल," आई त्या कानाला म्हणाली. इतक्या मायेनं, की इकडच्या मुकुलचा हात ताटासकट पुढे झाला.

मग आईचं लक्ष त्याच्याकडे गेलं. तिनं पदर सारखा केला.

"निघालात? जेवण नीट झालं ना?" ती फडताळाशी गेली आणि एक लोटी घेऊन आली. ती त्याच्या हातात ठेवली. लोटी थंडगार होती. "पुन्हा या हं. ओळख ठेवा."

"आई, अगं मी—"

ती हसली. ज्याची भाषा आपल्याला येत नाही, त्या पाहुण्याकडे बघून हसतात तशी.

"जिना जपून उतरा," बाबा म्हणाले. "मधली पायरी उंच आहे."

त्या पायरीवर पडून मुकुलचा दुधाचा दात तुटला होता.

७

पायरी आली. तिच्याखाली अजून एक आली, जी तिथे नव्हती. मग पायांखाली मऊ लागलं. गालिचा. मखमली उशी. पाय इतके भरून आले होते की तो बसला. टक्… टक्. दार उघडलं आणि एक टकला, प्रसन्न माणूस हात जोडून म्हणाला, "टुमचा पान काशीट वाडलाय." मुकुलनं बनारसमध्ये जन्मभर गोळा केलेल्या सगळ्या शिव्या त्याला एका दमात दिल्या. टकला तसाच प्रसन्न उभा राहिला. मग पाय आपोआप उठले.

त्यानंतर चटई. वेताची खुर्ची. किती दारं झाली ते त्यानं मोजलं नाही. राग तेवढा सोबत होता आणि लोटी.

मग एक स्वयंपाकघर आलं. लोकरीचा वास, जुनं घड्याळ. ते घड्याळ त्यानं फोनवर कितीदा ऐकलं होतं! खिडकीशी, दाराकडे तोंड करून, तिच्या भावाची खुर्ची.

"बसा," दारातून मारित म्हणाली आणि बाहेर गेली.

मुकुल बसला. पहिल्यांदाच आपणहून. दहा मिनिटं त्यानं रडत, ओरडत सगळं सांगितलं. मावशी, मी मुकुल. मोजेवाला. मला ठेवून घ्या. दार लावून घ्या. तुम्हालाच हवं होतं ना कुणीतरी?

दार उघडलं. ती आत आली, खुर्चीसमोर उभी राहिली. तिनं हळूच हात पुढे केला, त्याच्या खांद्यापासून वीतभर अंतरावर थांबवला. दुसरा हात दाराच्या कडीवर गेला. तिचे डोळे भरले होते.

"लाव," मुकुल म्हणाला. "लाव ना, मावशी."

कडीवरचा हात तिनं काढून घेतला. आपल्याशीच पुटपुटली, "नाही. मी त्या पोराला शब्द दिलाय."

मग हात जोडून तिनं सांगितलं, "तुमचं पान काशीत वाढलंय."

'ढ' स्वच्छ होता. 'ळ'ला तर या वाक्यात जागाच नव्हती, तरी मुकुलनं तिच्याकडून तोही घोटून घेतला होता, मजा म्हणून.

पाय उठायला लागले. मारितनं डोळे पुसले, टेबलावरच्या लॅपटॉपवर रेकॉर्डिंग टाकलं आणि वाट बघत बसली. तिच्या खांद्यावरून मुकुलला पडदा दिसत होता. तो तिच्या कानाशी वाकून, शिरा ताणून आपलं नाव ओरडत होता, तेवढ्यात शिक्का आला.

"माणूस ऐकू येत नाही. मंजूर."